बोअर आपला, पाणी कोणाचं?

एप्रिलमधल्या एका रात्री साडेदहाला अप्पांचा फोन आला. इतक्या उशिरा ते फोन करत नाहीत, त्यामुळे उचलताना पोटात गोळाच आला होता.

"शेजारच्या वाडीत बोअरची गाडी आलीय," अप्पा म्हणाले. "सकाळी निघून जाईल. आपल्याकडं यायला तयार हायेत. पाचशे फूट जाऊ म्हणतोय. तू काय म्हणतीस?"

'तू काय म्हणतीस' याचा अर्थ 'पैसे पाठवशील का' असा होता. मी पुण्यात नोकरी करते. आमचं गाव पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेत. चार एकर जमीन, त्यात दीड एकर डाळिंब, एकरभर कांदा, बाकी बाजरी-ज्वारी. जुना बोअर फेब्रुवारीपासून अर्धा तास चालला की हवा ओढायला लागतो. नवा बोअर, मोटार, पाइप, केबल असं सगळं धरून दीड-दोन लाखांचा मामला. माझ्याकडे तेवढे होते.

खरं तर लगेच हो म्हणायचं. पण माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. "थोरल्या काकूंच्या विहिरीला पाणी किती आहे?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग अप्पा म्हणाले, "तिची हीर आटून किती वर्सं झाली, तुला माहितीय की."

मला माहीत होतं. मी दोन दिवस मागून घेतले. सकाळी गाडी निघून गेली. अप्पा पुढचे आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

*

जुना बोअर आम्ही २०१३ च्या उन्हाळ्यात घेतला. २०१२-१३ चा दुष्काळ आठवत असेल, तर त्या उन्हाळ्यात आमच्या भागात काय चाललं होतं हे वेगळं सांगायला नको. जनावरं छावणीत, माणसं टँकरमागे. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधानं फिरला. नारळ जिथे उभा राहिला तिथे त्याने दगड ठेवला. रात्री तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली गाडी लागली. आधी मुरुमाचा भुगा उडाला, मग काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी, मध्येच तांबडी माती. सगळ्यांचे चेहरे आणि केस पांढरे झाले होते. २१० फुटांवर पाण्याचा फवारा उडाला. अडीच इंची पाणी! अप्पा त्या चिखलात उभे राहून हसत होते. त्यांना तसं हसताना मी आधी फार वेळा पाहिलं नव्हतं. मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे.

त्या पाण्यावर डाळिंब उभं राहिलं. डाळिंबावर माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी निघाली. म्हणजे आज मी ज्या खुर्चीत बसून हे लिहितेय, तिचा एक पाय त्या बोअरमध्ये आहे.

थोरल्या काकूंची विहीर आमच्या बोअरपासून तीनशे पावलांवर, उताराच्या अंगाला. सहा परस खोल. माझ्या चुलत आजोबांनी सुरुंग लावून, माणसं लावून दोन उन्हाळे खपून ती फोडली होती. लहानपणी आम्ही सगळी पोरं तिच्यात पोहायला शिकलो, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. काका गेल्यावर काकूंनी त्या विहिरीवर दोन एकर सांभाळलं. मेथी, गवार, थोडा मका. २०१४ मध्ये ती फेब्रुवारीतच तळाला गेली. पुढच्या वर्षी जानेवारीत. मग तिच्यात फक्त पावसाळ्यातलं पाणी राहायला लागलं. काकू लोकांच्या कांदेकाढणीला जायला लागल्या, आमच्याही.

यावर घरात कधीच कुणी काही बोललं नाही. भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. एकदा मी सुट्टीत गेले असताना काकू म्हणाल्या होत्या, "पाणी कुठं गेलं काय कळंना, पोरी." आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

माझा प्रश्न एवढाच आहे, की आम्ही चुकीचं काही केलं का? जमीन आमची, पैसे आमचे, खड्डा आमच्या हद्दीत. कुणाचं वाईट करायचा विचारही नव्हता. शिवाय विहीर आमच्याचमुळे आटली असं छातीठोक कोण सांगणार? पाऊस कमी होता. पुढच्या दोन वर्षांत त्याच पट्ट्यात आणखी अकरा बोअर झाले. मग आमचा दोष किती? बारावा हिस्सा? की शून्य?

*

उत्तर शोधायचं तर आधी खाली काय आहे ते कळायला हवं. 'झरा लागला' असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे जमिनीखालून वाहणारी एखादी नदी येते. आमच्या दगडात असं काही नसतं.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोंढे पसरले. एक लोंढा थंड झाला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. आज महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग या थरांवर बसलेला आहे. घाटातून जाताना डोंगराला ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. आमच्या तालुक्यात निघोजला कुकडी नदीने हा दगड कोरून रांजणखळगे केलेत. ते बघायला गेलात तर सेल्फीनंतर दोन मिनिटं काठावर बसा आणि नुसता दगड बघा. तुम्ही जमिनीच्या पोटातच बसलेले असता.

या थरांपैकी काही अगदी घट्ट असतात, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. त्यात पाणी राहतं ते भेगांपुरतं. काही थर भोकाभोकांचे असतात, कारण लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले. आमच्याकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. तो झिजला, त्याला भेगा पडल्या, तर त्यात पाणी बरं साठतं. दोन लोंढ्यांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पातळ थर येतो. बोअर घेताना मध्येच भुकटी लाल का झाली, ते यामुळे. आणि सगळ्यात वर, ऊन-पावसाने कुजलेला दगड, म्हणजे मुरूम.

जुन्या विहिरी या वरच्या तीस-चाळीस फुटांतल्या पाण्यावर चालायच्या. या दगडात जागा किती? झिजलेल्या बेसाल्टमध्ये शंभर घागरी दगडामागे जेमतेम दोन घागरी उपसण्याजोगं पाणी मिळतं. पंजाब, उत्तर प्रदेशात नद्यांनी आणलेल्या वाळू-गाळात याच्या कितीतरी पट पाणी मावतं. आमचं भूजल म्हणजे ओला स्पंजही नव्हे, ओलसर झालेली वीट. एका पावसात भरते आणि एका उन्हाळ्यात रिकामी होते. बँकेतली जुनी ठेव वगैरे काही नाही. महिन्याचा पगार, तोही वर्षातून एकदा येणारा.

बोअर घेताना काय होतं तेही मला तेव्हाच कळलं. वरचा भुसभुशीत मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग पाइप टाकतात. आमच्या बोअरला तो वीस फुटांचा आहे. त्याखाली दीडशे-दोनशे फूट नुसतं उघडं भोक. केसिंगच्या खालच्या थरात जे पाणी विहिरींसाठी साठलेलं असतं, तेही त्या भोकात उतरतं आणि मोटारीपर्यंत जातं. अप्पांना वाटत होतं, खालचं 'वेगळं' पाणी लागलंय. त्यातलं किती खालचं आणि किती वरून गळालेलं, हे व्हिडिओतल्या फवाऱ्यावर लिहिलेलं नव्हतं.

मग मी हिशेब मांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. आमच्याकडे बऱ्या वर्षी पाचशे मिलिमीटर पडतो, म्हणजे हेक्टरी पन्नास लाख लिटर. त्यातलं बरंचसं वाहून जातं, उडून जातं, पिकं पितात. बेसाल्टच्या प्रदेशात ढोबळमानाने दहा टक्के मुरतं असं धरलं, तर हेक्टरी पाच लाख लिटर. आमची चार एकर म्हणजे दीड हेक्टरच्या किंचित वर. म्हणजे आमच्या जमिनीत वर्षाला मुरणारं पाणी आठ लाख लिटर.

उपसा किती? हजार लिटरची टाकी चांगल्या दिवसांत बारा मिनिटांत भरते. तासाला पाच हजार लिटर. रोज सहा तास, वर्षातले दोनशे दिवस. साठ लाख लिटर.

आकडे वरखाली करून बघितले. पाऊस जास्त धरला, उपसा कमी धरला, पिकाला दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं तेही वजा केलं. तरी उत्तर बदलत नव्हतं. आठ लाखांच्या जागी बारा लाख झाले असते, साठच्या जागी चाळीस. उरलेलं पाणी आमच्या जमिनीत पडलेल्या पावसाचं नव्हतंच. ते दुसऱ्यांच्या रानात पडलं, तिथे मुरलं आणि आमच्या भोकाकडे सरकत आलं. आमच्याकडे निदान ठिबक आहे. पाट-पाण्यावर पोसलेल्या एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर लागतं, हे वाचल्यावर मी कॅल्क्युलेटर बंद केला.

*

गंमत म्हणजे कायद्याने यात काहीच गैर नव्हतं, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये एका सूतगिरणी मालकाची विहीर जवळच्या कोळशाच्या खाणींमुळे आटली. तो कोर्टात गेला. ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्याचा निकाल १८४३ मध्ये लागला आणि गिरणी मालक हरला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की नदी दिसते, तिचा मार्ग ठाऊक असतो, म्हणून तिच्या काठावरच्या लोकांचे हक्क ठरवता येतात. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं कुणालाच कळत नाही. मग त्यावर शेजाऱ्याचा हक्क तरी कसा ठरवणार? तेव्हा ज्याची जमीन, त्याने हवं तेवढं काढावं. हाच विचार भारतात १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आला. ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, आपल्या जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा.

म्हणजे आपला हक्क कशावर उभा आहे बघा. पाणी आपलं आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ते कुणाचं आहे हे कळत नव्हतं, एवढाच त्याचा पाया.

१८४३ मध्ये हे अज्ञान प्रामाणिक होतं. आज नाही. भूजल सर्वेक्षणाची माणसं वर्षानुवर्षं ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजतायत. पाणलोटांचे नकाशे आहेत. महाराष्ट्राचे कायदेही बदलले. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घातलं. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला, त्यात ६० मीटरहून खोल विहिरींचा वेगळा विचार आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. अप्पांना पाचशे जायचं होतं. गावात या कायद्याचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बोअरची गाडी बोलावताना मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही.

कायदा बाजूला ठेवू. अप्पांचा खरा युक्तिवाद कायद्याचा नव्हताच. "पैसा आम्ही घातला, जोखीम आम्ही घेतली. कोरडा गेला असता तर कोण देणार होतं?" हा युक्तिवाद वजनदार आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकात तो मांडला. निसर्गातली वस्तू सगळ्यांची, पण तिच्यात मी माझे कष्ट मिसळले की ती माझी. त्याने उदाहरणही पाण्याचंच दिलं. कारंज्यातलं पाणी सगळ्यांचं असलं, तरी घागरीत भरलेलं पाणी ज्याने भरलं त्याचं, यात काय शंका? पण लॉकने एक अट घातली होती, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तेवढंच चांगलं उरलं पाहिजे.

आपल्याकडे हे चार शब्दांत सांगून ठेवलंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लॉक पोहऱ्याकडे बघत होता, आपली म्हण आडाकडे बघते. पोहरा माझा, दोर माझा, शेंदणारे हात माझे. पण या सगळ्याने आड माझा होत नाही. आणि सबमर्सिबल मोटार हा असा पोहरा आहे, जो एका बटणावर शेजाऱ्याचाही आड उपसतो.

*

या विषयावर विचार करताना मला गावातल्या आणखी दोन विहिरी आठवल्या. एक वेशीजवळची, गावाची. दुसरी ओढ्यापलीकडची, पूर्वी जिला महारवाड्याची विहीर म्हणायचे. दोन्हींत अंतर हाकेचं. वरच्या विहिरीवर कुणी यायचं आणि कुणी नाही, याचे नियम पिढ्यान् पिढ्या कडक पाळले गेले. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, आणि तळ्यावरचा हक्क मिळवायला पुढे दहा वर्षं कोर्टात लढावं लागलं.

आणि एवढा सगळा बंदोबस्त होता तेव्हा खाली काय चालू होतं? त्या दोन विहिरी एकाच झिजलेल्या थरात खोदलेल्या आहेत. मधला ओढा फक्त वरून त्यांना वेगळं करतो. ज्या पाण्याला विटाळाच्या भीतीने हात लावू दिला जात नव्हता, ते पाणी काठावरच्या नियमांची दखल न घेता या विहिरीकडून त्या विहिरीकडे झिरपत होतं. वर दोन विहिरी, खाली एकच पाणी.

आज तो नियम उघडपणे कुणी पाळत नाही. पण नवा नियम काय वेगळा आहे? ज्याच्याकडे जमीन आहे आणि दोनशे-पाचशे फूट जायला पैसे आहेत, त्याला पाणी. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचा त्या पाण्याशी संबंध काय, असा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीत जमीन कुणाकडे किती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काठावर माणूस उभा करून अडवायची गरज उरली नाही. खोलीच अडवते.

*

"आपण नाही घेतला तर बाकीचे घेणारच. आपल्या एकट्याच्या थांबण्यानं काय फरक पडतो?" हे अप्पांचं पुढचं वाक्य, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझंही.

डेरेक पारफिट नावाच्या तत्त्वज्ञाने १९८४ साली एक विचित्र कल्पना मांडली. हजार कैद्यांचा छळ करणारी हजार माणसं आहेत. प्रत्येक जण एक बटण दाबतो. त्या बटणाने प्रत्येक कैद्याच्या वेदनेत इतकी सूक्ष्म वाढ होते, की कैद्यालाही ती जाणवत नाही. पण हजार बटणं दाबली की वेदना असह्य होते. आता कुणीच एकट्याने जाणवेल असं काही केलेलं नाही. म्हणून सगळे निर्दोष? पारफिटचं म्हणणं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. 'माझ्या एकट्याच्या कृतीने किती इजा झाली' एवढंच विचारून भागणार नाही. 'आम्ही सगळे मिळून जे करतोय, त्यात मी सामील आहे का' हे विचारायला हवं.

आमच्या पट्ट्यातल्या बारा मोटारींची बारा बटणं मला यात दिसली. तुम्ही शहरात असाल तर तुमच्या सोसायटीच्या बोअरचं बटणही यात आहे. भारत वर्षाला साधारण २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो, जगात सर्वांत जास्त. ते असंच निघतं, एकेक निरुपद्रवी बटण दाबून.

पण सामील आहे म्हटल्यावर करायचं काय? एकट्याने बोअर बंद करून बसणं हे मला फारसं पटत नाही. ते पाणी काकूंना मिळणार नाही, ते तेराव्या बोअरला मिळेल. एकट्याच्या त्यागाने पाणी वाचत नाही, फक्त आपल्याला बरं वाटतं. आणि ज्या शेतकऱ्याने कर्ज काढलंय, ज्याचा कांदा काढणीला आला की डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी येते, त्याला शहरात बसून त्याग शिकवणं हे फारच स्वस्त आहे. वीज साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत फुकट, ऊस असला तर कारखाना घ्यायला तयार. सगळी व्यवस्था उपसा म्हणत असताना फक्त शेतकऱ्याच्या सदसद्विवेकाने थांब म्हणावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

मग उत्तर एकट्यात नसेल तर मिळून आहे. आणि मिळून जमतच नाही असं म्हणायला आपण मोकळे नाही, कारण ते जमलेलं आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तरुणपणी पीएचडीसाठी लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्याचा अभ्यास केला. तिथे उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या उपसणाऱ्यांनी एकत्र बसून, मोजमाप करून, आपापला उपसा कमी करायचा करार केला.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची पडीक जमीन घेऊन पाणी अडवलं, जिरवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम मला आजही धाडसी वाटतो. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि आमच्याच जिल्ह्यात, नगरजवळच्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळी बाजूला ठेवली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडतात. पाऊस कमी झाला तर कोणतं पीक किती, हे तिथेच ठरतं.

या सगळ्यांत एक पायरी सारखी आहे. आधी मोजणं, मग ते सगळ्यांसमोर मांडणं. 'कळत नव्हतं' ही पळवाट पहिल्यांदा बंद केली. त्यानंतरचं भांडण खरं असतं, पण ते निदान उघड्यावर होतं. मला वाटतं नैतिक जबाबदारी तिथून सुरू होते. किती त्याग करायचा हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की जे कळण्यासारखं आहे ते कळून घ्यायला आपण तयार आहोत का.

*

मे महिन्यात मी गावी गेले. हिशेबाचा कागद अप्पांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. साठ लाखांवर बोट ठेवून म्हणाले, "एवढं?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "चल, वहिनीकडं जाऊन येऊ."

काकू पडवीत लसूण सोलत होत्या. मी त्यांना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. थर, भोक, वरचं पाणी खाली कसं उतरतं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं की. तुमचा बोअर झाला त्याच साली कळलं. हिरीतल्या कपारीतनं पाणी यायचं ते थांबलं."

"मग बोलला का नाहीत?" अप्पांनी विचारलं.

"बोलून काय पाणी वर येणार हुतं? तुमच्या पोरीचं शिक्षाण चाललं हुतं."

आम्ही अकरा-बारा वर्षं ज्याला 'कळत नव्हतं' म्हणत होतो, ते काकूंना पहिल्या वर्षीच कळलं होतं. कळून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं, कारण बोलण्याची किंमत त्यांना परवडणारी नव्हती. आमचं अज्ञान आम्हाला परवडत होतं, म्हणून आम्ही ते सांभाळलं. त्याची किंमत त्या भरत होत्या. इंग्लंडच्या कोर्टाने 'कुणालाच कळत नाही' म्हटलं होतं. ज्याची विहीर आटते त्याला तेव्हाही कळत असणार.

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, आम्हीही ती नीट मागू शकलो नाही. काकू व्यवहाराचं बोलल्या. "चवथ्या दिवशी एक पाळी दे. मेथी व्हईल तेवढ्यात."

या वर्षी नवा बोअर घेतला नाही. अर्धा एकर डाळिंब काढून टाकलं. ती झाडं तोडताना अप्पा शेतात आले नाहीत. काकूंच्या रानापर्यंत पाइप टाकलाय. बोअरला पाणी असेल तोवर चौथ्या दिवशी त्यांची पाळी. जूनमध्ये बांधापलीकडच्या शेतकऱ्याने चारशे फुटांचा बोअर घेतला. गाडी रात्रभर चालली, आमच्या अंगणात भुकटी आली. ग्रामसभेत मी हिशेबाचा विषय मांडला तेव्हा अकरा माणसं हजर होती. दोघं चिडले, एकाने 'पुण्याची हुशारी' म्हटलं. ठरलं एवढंच, की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गावातल्या आठ विहिरींची पातळी मोजायची आणि पंचायतीच्या फळ्यावर लिहायची.

मोजणी साधी आहे. दोरीला दगड बांधायचा, सोडायचा, ओल कुठपर्यंत लागली ते टेपने मोजायचं. काकूंची विहीर त्या आठांत आहे. पहिल्या महिन्यात अप्पाच गेले. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. कोरडी दोरी आणि खाली वहीच्या पानावर, त्यांच्या अक्षरात: थोरली हीर, पाणी नाही.

बारा वर्षांनी ते कुठेतरी लिहिलं गेलं.